खंड्याच्या दिवशी गेलेलं नेट

आमच्या घरात खंडेनवमीला, म्हणजे खंड्याला, हळदकुंकू हत्याराच्या मुठीला लावत नाहीत, काम जिथून होतं तिथं लावतात. कुऱ्हाडीच्या दांड्याला नाही, धारेला. विळ्याच्या दात्यांना. लोकर कातरायच्या कातरीच्या दोन्ही पात्यांना, आतल्या कडेनं. ठाणाकुशनूरच्या माळावर आमची मेंढरं होती तेव्हापासूनचा हा नेम. पुढं मेंढरं गेली. वडील, म्हणजे आमचे अप्पा, बिदरजवळ कोळारच्या एका गोदामात माल चढवायच्या-उतरवायच्या कामाला लागले आणि शनिवारी रात्री घरी येऊन सोमवारी पहाटेच्या बसला जायला लागले. दारात चार शेळ्या तेवढ्या उरल्या. पण कातर राहिली, पूजेला अंथरायची काळी घोंगडी राहिली आणि नेम राहिला. गावातली बाकीची माणसं मोटारसायकलच्या हँडलला झेंडूचा हार घालून मोकळी होत. आमचे अप्पा मात्र उकिडवे बसून टायर रस्त्याला टेकतो तिथं बोट लावत. आईच्या शिलाई मशीनच्या सुईलाही टोकापाशी कुंकू लागायचं आणि दसऱ्यानंतरच्या पहिल्या ब्लाउजवर त्याचा ठिपका उमटायचा. आई करवादायची. अप्पा म्हणायचे, "काम सुई करती, मशीनचं चाक न्हाई. टिळा सुईलाच."

दुसरा नेम आणखी कडक होता. पूजा झाली की हत्यारांना विसावा. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी नैवेद्य दाखवून पूजा उचलेपर्यंत घोंगडीवरच्या कशालाही हात लावायचा नाही. विळी तिथंच, चाकू तिथंच, मोटारसायकल दारात हार घालून उभी. त्या दिवशी आमच्याकडं भाजी चिरत नसत. पुरण घातलेले कडबू, त्यावर तूप, सोबत येळवण्याची, म्हणजे पुरणाच्या कटाची, झणझणीत आमटी आणि ज्यांना हवा त्यांना कांदा, पण तो बुक्कीनं फोडलेला. मला अजूनही चाकूनं कापलेला कांदा जरा बेचवच लागतो. शेजारची गिरणीसुद्धा त्या दिवशी बंद असायची. एरवी तिची पुकपुक इतकी अंगवळणी पडलेली की ती थांबली की घरातली माणसं उगीचच हळू बोलायला लागत.

मी सोडून. मी कधीच हळू बोलत नसे. घरात मराठी, समोरच्या घरात कन्नड, औरादच्या बाजारात तेलुगू आणि बसच्या खिडकीसाठी भांडायला दखनी, अशी माझ्या तोंडाची टकळी दिवसभर चालू असायची. "ह्या पोरीला चार भाषा येत्यात आन् एकीतबी गप बसायला येत न्हाई," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पाहुण्यांसमोर तर हटकून सांगायची. बी.ए. झालं तेव्हा माझ्याकडं डिग्रीचा कागद आणि ही टकळी एवढंच होतं. त्यातल्या टकळीला गिऱ्हाईक मिळालं. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्याला फोनवर बोलणारी माणसं हवी होती. आमच्या सीमेवरच्या गावांतून पेशंट जातात, त्यांची भाषा डॉक्टरला कळत नाही आणि डॉक्टरची त्यांना. मध्ये बसून दोघांचं एकमेकांना सांगायचं. काम घरी बसून. मुलाखतीच्या पहिल्या दोन फेऱ्या मी पार केल्या होत्या. शेवटची व्हिडिओवर होती, दसऱ्याच्याच दिवशी सकाळी, आणि त्यांनी आधीच बजावलं होतं की घरात तारेचं नेट हवं, मोबाइलवर चालणार नाही. मोबाइलला आमच्याकडं तळ्याच्या बांधावर चढल्याशिवाय रेंजही नव्हती.

तारेचं नेट आईच्या हट्टानं आलं. ते बसवायला सिद्रामअण्णा आला होता. शेजारच्या खेड्यातला, घरी कन्नड बोलणारा, खांबावर चढला की गाणं म्हणणारा माणूस. त्यानं भिंतीवर पांढरा डबा ठोकला, केसासारखी बारीक तार आत आणली आणि अप्पांना गंमत दाखवली. तारेच्या त्या टोकाला एक बॅटरीसारखी नळी लावली, आणि या टोकातून अप्पांच्या तळहातावर लाल ठिपका पडला. "ह्यातनं करंट जात न्हाई, अण्णा. उजेड जातंय. ह्या टोकातनं बाहीर येतंय बगा." अप्पा किती वेळ तळहात पुढंमागं करत होते. मग सिद्रामअण्णानं हिरव्या प्लास्टिकचं ते टोक डब्यात खुपसलं आणि मला दम भरला, "ह्येला हात लावायचं न्हाई. मोडलं तर मग मलाबी येत न्हाई." सगळे दिवे हिरवे झाले. आईनं त्याला चहा दिला, आणि तो दुसऱ्या खांबावर गाणं म्हणायला निघून गेला.

अप्पांना तारेचं कौतुक होतं, माझ्या कामाचं नव्हतं. दिवसभर पाठीवर पोती वाहिलेल्या माणसाला बोलणं हे काम वाटत नाही, हे मला आज समजतं. तेव्हा समजत नव्हतं. "बोलायला सगळ्यालाच येतंय," ते म्हणायचे. "त्येला कोण पगार देतंय?" त्यांनी कोळारला पॅकिंगच्या कामावर माझ्यासाठी जागा बोलून ठेवली होती. दसऱ्यापर्यंत माझं जमलं तर ठीक, नाहीतर सोमवारी त्यांच्याबरोबर पहाटेच्या बसला. त्यात वाईट काही नव्हतं, गावातल्या कितीतरी मुली जात होत्या. पण दिवसभर खोक्यांना चिकटपट्टी लावत गप्प उभं राहायचं, या विचारानंच माझा जीव गुदमरायचा. नवरात्राच्या सुरुवातीला घट बसवताना मी लाडात येऊन म्हटलं होतं, "अप्पा, ह्या खंड्याला माजा डबाबी ठिवा की घोंगडीवर." त्यांनी भिंतीकडं पाहिलंसुद्धा नाही. "त्यो काय हत्यार हाय? दिवे लागल्याला डबा त्यो." मी हसून घेतलं. मला फार लागलं होतं.

खंडेनवमीला मी घरी नव्हते. माझी थोरली बहीण, अक्का, तिकडं अफजलपूरकडं करजगीला दिलेली. तिला सणाला आणायला मी आदल्या दिवशीच गेले होते. येताना तीन बस बदलून, झेंडूंनी मढलेल्या टपांवरून येणारा वास घेत, दिवस कलताना आम्ही दोघी घरी पोचलो. मधल्या खोलीत घोंगडी अंथरलेली, तिच्यावर कातर, कुऱ्हाड, विळी, चाकू, आईच्या मशीनची सुई, अप्पांचा माल ओढायचा आकडा, आणि पुढं समई. सगळं दरवर्षीसारखं. मी पिशवी टेकवली आणि सवयीनं भिंतीकडं पाहिलं. डब्यावर एकच दिवा लागला होता आणि तो लाल होता.

मी बटण बंद केलं, चालू केलं. लाल. पुन्हा बंद करून मनातल्या मनात मारुतीस्तोत्र म्हणून होईपर्यंत थांबले, चालू केलं. लाल. डब्याच्या मागं एक बारीक भोक असतं, त्यात टोकदार काहीतरी दाबून धरलं की डबा नव्यानं सुरू होतो, हे मला माहीत होतं. "आई, सुई दे." आईनं घोंगडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "आज सुई?" घरात एक टाचणी सापडेना. शेवटी अक्का परसात गेली आणि बाभळीचा काटा मोडून घेऊन आली. माझ्या ओळखीत काट्यानं नेट चालू करायला निघालेली मी एकटीच असेन. काटा आत गेला, सगळे दिवे विझले, आशेनं आम्ही तिघी डब्यावर वाकलो आणि लाल दिवा पुन्हा लागला.

मग अक्कानं सूत्रं हातात घेतली. तिच्या मते उंदरानं तार खाल्ली होती. आईच्या मते शेळीनं. आम्ही तार हातानं चाचपत दारातून बाहेर, चिंचेच्या फांदीवरून, पार रस्त्याच्या खांबापर्यंत गेलो. कुठं कुरतडलेली नाही, पिचलेली नाही. अक्कानं एका शेळीच्या तोंडात बोट घालून पाहिलं तेव्हा मला हसू आलं, आणि हसता हसता रडूच यायला लागलं. मी बांधावर पळत जाऊन तक्रारीच्या नंबरला फोन लावला. एका बाईच्या गोड आवाजानं डबा बंद करून चालू करायला सांगितला आणि सणाच्या शुभेच्छा दिल्या. सिद्रामअण्णाचा फोन बंद होता.

परत आले तर अप्पा उंबऱ्यावर बसलेले. इतका वेळ त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. एरवी बैलाचा खूर असो की पंप, जगातल्या कुठल्याही बिघाडावर त्यांचं मत असायचं. त्यांनी विचारलं, "लाल दिवा म्हंजे काय असतंय?"

"उजेड आत येईना झालाय, अप्पा. उद्या सकाळी माजी फेरी हाय."

ते उठले. समईची वात उगीचच सारखी केली. घोंगडीसमोर थोडा वेळ उभे राहिले, आणि पायांत चपला सरकवल्या. "सिद्रामाच्या घरला जायलाव."

"आवो, गाडी पूजेला हाय की," आई म्हणाली.

"पाय न्हाईत माजे पूजेला."

आणि ते रानातल्या पायवाटेनं चालायला लागले. आम्ही तिघी ओट्यावर बसून राहिलो. अक्कानं कडबू वाढून आणले, ते मला गिळवेनात. देवळाच्या भोंग्यावर देवीची आरती झाली, शेळ्या रवंथ करत बसल्या. आई म्हणत होती, "यील त्यो. सणाचं दारात आल्याल्या माणसाला कुणी न्हाई म्हणतंय का?"

अप्पा जेवणवेळेला परत आले, एकटेच. मी ओट्यावरून उतरून पुढं गेले.

"त्येची पक्कडबी पूजेला बसलीय," ते म्हणाले. "त्येचा बाप दारात उभा ऱ्हायला. पूजा उचलल्याबिगर पोराला हत्याराला हात लावू देत न्हाई म्हणतोय." मग खाली बघत म्हणाले, "म्या तरी कोणत्या तोंडानं बोलू? आपल्या घरात सुईबी दिली न्हाई म्हनं पोरीला."

त्या क्षणी मला घोंगडीचा, कातरीचा, सगळ्या नेमांचा संताप आला. मी काही बोलले नाही, आणि मी बोलले नाही यावरूनच घरात सगळ्यांना कळलं की प्रकरण गंभीर आहे. आईनं माझ्यासमोर ताट सरकवलं. अप्पांनी कांदा घेतला, बुक्कीनं फोडला आणि मधला गाभा, जो एरवी ते स्वतः खात, तो माझ्या ताटात ठेवला. "सकाळी पैला आपल्याकडंच येतो म्हणलाय," ते म्हणाले. "येतो म्हणलाय म्हंजे येतो."

दसऱ्याला सिद्रामअण्णा आला तेव्हा आमच्या अंगणात सडा वाळायचा होता. कपाळाला आडवं भस्म, नवा शर्ट, आणि हत्यारांच्या पिशवीला झेंडूची माळ तशीच लटकलेली. त्याच्या खिशातून बन्नीची, म्हणजे शमीची पानं डोकावत होती. आमच्याकडं दसऱ्याला हीच सोनं म्हणून देतात. "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण," असं म्हणत त्यानं अप्पांच्या हातात पानं ठेवली. बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या. ही पानं खरं तर संध्याकाळी द्यायची. पण तो म्हणाला, "तुमच्या घरासाठी बापाला उठवून पूजा उचललाव. माजं सीमोल्लंघन आज तुमच्याच भिंतीवर." अप्पांनी हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पण ते त्याच्याबरोबर आत आले नाहीत, दारातच थांबले.

त्यानं खांबाजवळची तार तपासली. तिथपर्यंत उजेड ठीक होता. मग आत येऊन त्यानं डब्यातलं ते हिरवं टोक अलगद ओढून काढलं, खिडकीपाशी नेलं आणि डोळ्याजवळ धरलं. एवढा वेळ चाललेलं गाणं थांबलं.

"ह्येला कुंकू कुणी लावलं?"

मी पुढं होऊन पाहिलं. टोकाच्या पांढऱ्या दाण्यावर, जिथून उजेड बाहेर येतो बरोबर तिथं, पिवळं आणि त्यावर लाल. नीट, वेळ काढून लावलेलं. आईनं तोंडाला पदर लावला आणि दाराकडं पाहिलं. अप्पा आढ्याकडं बघत होते.

"तूच दावलास की गा," ते शेवटी सिद्रामअण्णाला म्हणाले. "उजेड ह्या टोकातनं येतंय म्हून."

मग सगळं कळलं. आदल्या दिवशी आई चुलीपाशी असताना त्यांनी डबा भिंतीवरून उतरवला होता. घोंगडीवर आजोबांच्या कातरीशेजारी ठेवला, पूजा केली, आणि आपलाच शब्द आपण फिरवला हे कुणाला कळू नये म्हणून विसाव्याचा नेमही मोडून डबा पुसून परत जागेवर लावला. तारेच्या टोकावरचा टिळा तेवढा पुसला नाही, कारण हत्याराचा टिळा पुसत नसतात. अक्का हसत भिंतीला टेकली. आई हसत होती आणि डोळे पुसत होती. मी रडत होते. नेट गेलं म्हणून नाही. माझं काम घोंगडीवर बसलं होतं, आणि ते सांगायला अप्पांना लाज वाटली होती.

सिद्रामअण्णानं पिशवीतून एक डबी काढली, तिच्यातल्या फितीवर ते टोक दोन-चारदा घासलं, डब्याच्या भोकातही कसलीशी काडी फिरवली. टोक आत बसवलं. लाल दिवा विझला. एक हिरवा लुकलुकायला लागला, थांबला, मग स्थिर झाला. आईनं टाळ्याच वाजवल्या.

"अण्णा, म्होरल्या साली तारेला लावू नगा," सिद्रामअण्णा पिशवी आवरत म्हणाला. "काम तार करत न्हाई. ती निसतं नेऊन पोचवती."

"मग काम कोण करतंय?"

सिद्रामअण्णानं हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं.

अप्पांनी मान हलवली. ते मधल्या खोलीत गेले, घोंगडीजवळच्या वाटीत बोट बुडवून आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. मी सवयीनं कपाळ पुढं केलं. त्यांनी थोडा विचार केला, माझी हनुवटी वर उचलली आणि टिळा माझ्या गळ्याला लावला, मधोमध, जिथं बोलताना हलतं तिथं.

"आगं बाई! गळ्याला कुठं लावत्यात का?" आई म्हणाली.

"काम हितनं होतंय," अप्पा म्हणाले, आणि लगेच बाहेर गेले. त्यांना शेळ्यांचं बघायचं होतं. त्यांनी काय केलं ते अक्कानं मला नंतर सांगितलं. चारही शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटांत त्यांनी चिंध्या कोंबल्या आणि माझी फेरी संपेपर्यंत हातात काठी घेऊन अंगणात उभे राहिले. गल्लीतून जाणाऱ्याला ते लांबूनच तोंडावर बोट ठेवून खुणावत होते.

लॅपटॉपच्या पडद्यावर चष्मा लावलेली एक बाई आली. माझं नाव, गाव विचारलं, कागद खालीवर केले आणि थांबली. "तुमच्या गळ्याला काही लागलंय का?" तिला वाटलं, रक्त आहे. मला खोटं काही सुचेना. मी खरंच सांगितलं. आमच्याकडं काम जिथून होतं तिथं टिळा लावतात, काल तो चुकून तारेला लागला, नेट गेलं, आज गळ्याला लागलाय. ती हसली नाही. म्हणाली, "हेच आता मला कन्नडमध्ये सांगा." मी सांगितलं. "आता तेलुगूत. समजा, मी तुमची आजारी मावशी आहे, मला कमी ऐकू येतं." घोंगडीला तेलुगूत गोंगडीच म्हणतात, त्यामुळं तिथं मी अडखळले नाही. मग दखनीत सांगितलं तेव्हा काट्याचा आणि शेळीच्या तोंडातल्या बोटाचा प्रसंगही घातला, आणि तेव्हा ती हसली, चष्मा काढून हसली. त्यानंतर तिनं फारसं काही विचारलं नाही. सोमवारपासून सुरू करा, म्हणाली.

सोमवारी पहाटेच्या बसला अप्पा एकटे गेले. जाताना त्यांनी डब्याकडं पाहिलं. दिवे हिरवे होते.

त्याला आता बरीच वर्षं झाली. तारेतून माझ्यापर्यंत आलेली किती माणसं मी ऐकली, किती दुखणी या भाषेतून त्या भाषेत नेऊन पोचवली, त्याची मोजदाद नाही. डबे तीनदा बदलले. अप्पांनी कोळार सोडलं, त्यांचा हात आता थरथरतो आणि टिळा कधी कधी हनुवटीला लागतो. पण खंडेनवमीला टिळा चुकत नाही.

पुढच्याच वर्षीच्या खंड्याला त्यांनी मला घोंगडीवर बसवलं, कातर आणि कुऱ्हाड यांच्या मधल्या जागेत. हळद लावली, कुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली. मला इतकं भरून आलं होतं की काहीतरी बोलावंसं वाटलं, आणि मी तोंड उघडलं. अप्पांनी बोट वर केलं.

"पूजा झाली. आता हत्यार उद्या सकाळी उचलायचं."

आई दारात उभी होती. तिनं वर बघून हात जोडले. "देवा," ती म्हणाली, "ह्ये इतक्या वर्सांत कामून सुचलं न्हाई?"

तेव्हापासून वर्षातला तो एक दिवस मी चारही भाषांत गप्प बसते. कामाच्या ठिकाणी त्या दिवशी माझी सुट्टी आधीच मांडलेली असते. शेजारची गिरणी बंद असते, विळी घोंगडीवर असते, अप्पा बुक्कीनं कांदा फोडतात आणि मधला गाभा माझ्या ताटात ठेवतात, आणि मी नुसती मान हलवते.